पुढचं वाक्य

“इंटरनेट बंद आहे” अशी तक्रार काकाजींनी कधीच केली नाही. ते ऑफिसात येत, बाकावर बसत, गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसत आणि सांगत, “बाई दारात अडकली हाये. एक पाय आत, एक बाहीर. कोणाले तरी धाडा.”

बाई म्हणजे मालिकेतली. त्यांचा टीव्ही आमच्या इंटरनेटवर चालायचा, आणि इंटरनेटला थकवा आला की पडद्यावर ते गोल फिरणारं चाक यायचं. बाकीचे ग्राहक फोन करून आमचा उद्धार करायचे. काकाजी मात्र कोण कुठं अडकलंय याची खबर आणायचे. “सासरा खुर्चीवरून उठून राहिला होता, अर्धाच उठला.” “पोलीस आले, पण गाडीतून उतरून नाही राहिले.” एकदा तर घाईघाईनं आले आणि म्हणाले, “त्यानं बंदूक रोखली हाये. लवकर करा गा, हात दुखत असंन त्याचा.”

आमचं ऑफिस म्हणजे भंडारा जिल्ह्यात, लाखनीत हायवेला लागून एक गाळा. मोठ्या कंपनीचं इंटरनेट आणि टीव्ही गावात घरोघरी पोचवायचं, बिघडलं की नीट करायचं, नीट झालं नाही की ऐकून घ्यायचं, हा धंदा. पुढं टेबल, फोन आणि ग्राहकांचा बाक. मागं एक खोली, त्यात केबलची भेंडोळी, शिडी आणि मी.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, जत तालुक्यातला. नववीत शाळा सुटली. हायवेच्या कडेनं केबलसाठी चर खणणाऱ्या टोळीबरोबर हिंडत हिंडत इथवर आलो, आणि टोळी पुढं रायपूरच्या अंगाला गेली तेव्हा नेमका तापानं पडलो. आमच्या मालकांनी औषधपाणी केलं आणि ठेवून घेतलं. आधी खांबांवर चढायचो. त्याचं काही वाटायचं नाही. पण फोन घेणारी मुलगी लग्न होऊन गोंदियाला गेली आणि मालक म्हणाले, “आता तू बसत जा टेबलवर. चढाले दुसरा पाहतो.” लोक याला बढती म्हणतात. माझी झोप उडाली.

मला फोनची भीती वाटायची. आजही थोडी वाटते. “हॅलो” म्हणेपर्यंत ठीक, त्याच्या पुढं जीभ टाळूला चिकटायची. पलीकडच्या माणसाला आवाजावरून कळत असणार की हा नववी सुटलेला आहे, असं आपलं उगीचच वाटायचं. त्यात माझं बोलणं इकडच्यासारखं नाही. मी “मला” म्हटलं की लोक म्हणायचे, “पुण्याचा हायेस का बे?” जत कुठं आणि पुणं कुठं. पण तेही फोनवर समजावून सांगणं आलंच, म्हणून मी हो म्हणायचो. बॅग खाटेखाली कायम भरलेली. नोकरी गेली तर खोलीही जाणार, हे मला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं. गावाकडं आई सगळ्यांना सांगत होती की पोरगं कंपनीत टेबलावर बसतंय. आता तिथं परत जायचं म्हणजे कोणत्या तोंडानं.

तर असा मी टेबलावर बसून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पुरता गुंतलो. एक दुकानदार येऊन टेबलावर हात आपटत होता. मी “बघतो… म्हणजे… ते…” इथंच फिरत होतो, अगदी त्या पडद्यावरच्या चाकासारखा. तेवढ्यात बाकावरून हळू, सरळ, कसलाही चढउतार नसलेला आवाज आला, “तुमची गल्ली कोणती, ते सांगा. माणूस पाठवतो.”

मी ते जसंच्या तसं म्हटलं. दुकानदारानं गल्ली सांगितली आणि गेला. मी बाकाकडं पाहिलं. काकाजी कॅलेंडरकडं बघत होते. जणू ते काही बोललेच नव्हते.

पुढं कळलं की हा माणूस उमेदीची सगळी वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या या मुलखातल्या, नाटकांत प्रॉम्प्टर होता. आमच्या जत भागात असलं काही नाही. इकडं दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि मंडईला नाटक लागतं. नाटक कंपनी आज या गावात, उद्या त्या गावात. तालमी करायला कुणाला वेळ? नटमंडळी प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभी राहतात. तो रंगमंचाच्या पुढ्यात, वादकांच्या शेजारी अंगाची घडी करून बसतो आणि प्रत्येक वाक्य आधी तो म्हणतो, मग नट म्हणतो. काकाजींचा दावा असा होता की त्यांचा आवाज नटाला ऐकू जायचा आणि पहिल्या रांगेला नाही. यावर लाखनीत दोन मतं होती. आमचे मालक म्हणायचे, “मी लहानपणी नाटक काकाजीच्या आवाजातच ऐकलं. नट फक्त हात हलवत होते.”

नाटकं सुटली, पण सवय सुटली नाही. समोर कुणीही वाक्याच्या मध्ये थांबलं की पुढचं वाक्य काकाजींच्या तोंडून आपोआप निघायचं. बँकेतल्या साहेबाला, लग्नातल्या भटजींना, भाषण करणाऱ्या पुढाऱ्यालासुद्धा. या पुढाऱ्याला त्यांनी मागून जे पुरवलं ते त्याच्या विरोधकाचं भाषण होतं असं लोक सांगतात. काकाजी म्हणायचे, “त्याले काय फरक पडला? टाळ्या तं पडल्या.”

पहिल्यांदा त्यांच्या घरी राउटर बघायला गेलो तो दिवस चांगला आठवतो. अजून मी टेबलावर आलो नव्हतो. काकी दारातच म्हणाल्या, “आधी जेवा, मंग पाहा.” मी म्हटलं, आधी काम करतो. “नाही गा, उपाशी माणसाच्या हातानं जोडलेली तार टिकत नाही,” काकाजी आतून म्हणाले. हा त्यांच्या घरचा नियम होता, आणि नंतर बाकीच्या पोरांकडून कळलं की त्यापायी त्या घरची तक्रार आली की जाण्यावरून आमच्यात भांडणं लागायची. चिन्नोर तांदळाचा भात, त्यावर कढी आणि गोळे. घर सोडल्यापासून पाटावर बसून मी पहिल्यांदा जेवत होतो. खाली मान घालून जेवलो, कारण वर बघितलं असतं तर काकींना काहीतरी दिसलं असतं.

जेवताना समोर टीव्ही अडकलेलाच होता. मालिकेतला मुलगा आईसमोर तोंड उघडून उभा, मधोमध चाक फिरतंय. काकाजींनी त्याला वाक्य दिलं, “आई, या घरात तुझ्यावाचून माझं कोण आहे?” चाक फिरतच राहिलं. काकाजींनी पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. मग स्वतःच आईचं उत्तरही दिलं, मग मुलाचं, मग मधेच घरात शिरलेल्या काकाचं. काकी कढी वाढायची थांबून ऐकत होत्या. तेवढ्यात इंटरनेट आलं आणि तो मुलगा म्हणाला, “आई, मी गाडी विकत घेतली.”

काकाजींचा चेहरा पडला. “लेखकाले काही समजत नाही,” ते म्हणाले.

“तुमचंच बरं होतं,” काकी म्हणाल्या. “बंद करा ते इंटरनेट.”

पण कंपनीशी त्यांचं खरं वैर होतं ते टोल फ्री नंबरवरून. आमच्याकडं तक्रार आली की आम्हालाही ती वर नोंदवावी लागायची, आणि ग्राहकांनी थेट वर फोन करावा असा कंपनीचा आग्रह. काकाजी आमच्या ऑफिसात बसूनच फोन लावायचे, स्पीकर चालू करून. रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागायची: मराठीसाठी एक दाबा, अमक्यासाठी दोन दाबा. काकाजी तिला मान देत. आधी सगळं ऐकून घेत. पण ती दर वेळी “आपला कॉल आमच्यासाठी” म्हणून थोडी थांबायची आणि मग “महत्त्वाचा आहे” म्हणायची. ती थांबली की काकाजी झटकन पुरवायचे, “महत्त्वाचा आहे.” ती म्हणायची, “महत्त्वाचा आहे.” काकाजी खूश. “पाहा, इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य तिच्या तोंडात बसलं नाही. पण ऐकते बिचारी.”

बिचारीच्या नंतर वीस-पंचवीस मिनिटं बासरी वाजायची. बासरीनंतर फोन कटायचा. आणि त्यानंतर मोबाइलवर मेसेज यायचा की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या.

त्या मेसेजनं काकाजी खऱ्या अर्थानं दुखावायचे. “अरे, तिसरी घंटा बी नाही झाली अन् पडदा पाडला? वरून विचारते, नाटक कसं वाटलं?” मी त्यांना म्हटलं, एक तारा देऊन टाका. ते म्हणाले, “एक कायले देऊ? कोणी स्टेजवर आलंच नाही.”

एकदा कंपनीनं न विचारता त्यांचा पॅक बदलला. भजनाचा चॅनल गेला आणि त्या जागी कुठल्या तरी दुसऱ्या भाषेतला, दिवसभर मासे शिजवणारा चॅनल आला. काकाजी माळकरी. घरात माशाचं नाव नाही. मी धास्तावून माफी मागायला लागलो, तक्रार वर टाकली, पाठपुरावा केला, आणि दहा-बारा दिवसांनी भजनं परत आली. सांगायला घरी गेलो तर काकाजी जरा ओशाळे दिसले. “नाही, तसं काही नोतं,” ते म्हणाले. “तो माशावाला माणूस बोलाले चांगला होता. कुठंच अडत नोता.”

मला मात्र त्यांनी सोडलं नाही. तक्रार असो वा नसो, सकाळी बाजारातून परतताना पिशवी घेऊन बाकावर बसायचे. मी अडलो की वाक्य यायचं. फोनवरचं गिऱ्हाईक ओरडलं की काकाजी बोटानं टेबलावर थाप मारायचे, म्हणजे थांब, त्याचं संपू दे. मग वाक्य. ग्राहकांनाही हे ठाऊक झालं होतं. काही जण तर माझ्याकडं न बघता थेट बाकाकडं बघून तक्रार सांगायचे आणि उत्तर माझ्याकडून घ्यायचे. मालकांनी एकदा हे बघितलं आणि कपाळाला हात लावला. “पगार कोणाले देऊ बे मी, तुले का काकाजीले?” मी हसलो, पण त्या दिवशी संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

काकाजींची स्वतःची एकच तक्रार अशी होती जी टीव्हीबद्दल नव्हती. त्यांच्या गल्लीच्या वळणावर आमची मुख्य केबल खाली लोंबत होती. सगळ्या गल्लीला, शिवाय पलीकडच्या वस्तीला त्याच केबलनं इंटरनेट जायचं. “धान चुरून झालं की तणसीच्या ट्रॉल्या येतीन,” ते म्हणायचे. चुरणं म्हणजे मळणी, आणि तणीस म्हणजे भाताचा पेंढा. इथं ट्रॉलीवर तो घरापेक्षा उंच रचतात. “ट्रॉली वळीन अन् तुमची केबल घेऊन जाईन. वर घ्या.” मी ते मालकांना सांगितलं. पुन्हा सांगितलं. मालक म्हणाले, “पाहू ना, या हप्त्यात.” हप्ते गेले, धान चुरून झालं.

ट्रॉली आली ती सकाळी. मालक एका लग्नासाठी भंडाऱ्याला गेले होते. आमचा चढणारा माणूस धावत जाऊन बघून आला आणि त्यानं फोन केला: केबल तीन ठिकाणी तुटलीय, एक खांब वाकलाय, संध्याकाळच्या आत काही होत नाही. ऑफिसात तेव्हा फक्त काकाजी होते. बातम्या देणारा माणूस तोंड उघडून अडकलाय हे सांगायला आले होते. मी मालकांना फोन लावला. आमच्या फोनचा स्पीकर तेवढा चालायचा, त्यामुळं मालकांचा आवाज काकाजींनीही ऐकला.

“लोकायले सांग, हायवेच्या कामवाल्यांनी केबल तोडली,” मालक म्हणाले. “अन् दहा मिनिटांत येते म्हण. दुसरं काही बोलू नको. आपली चूक म्हणलं तं वरून मले फाडून खातीन. समजलं? एक शब्द इकडेतिकडे झाला तं तू तुह्या गावी जा.”

मी “हो भाऊ” म्हटलं.

थोड्याच वेळात लोक आले. बाक भरला, दार भरलं. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागलं. मी उभा राहिलो आणि काय बोलायचं ते विसरलो. बाकावरून सरळ, हळू आवाज आला, “हायवेच्या कामामुळे केबल तुटली. दहा मिनिटांत येईल.”

मी बोललो नाही. काकाजींना वाटलं मला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा दिलं.

टेबलाला टेकून एक बाई उभ्या होत्या, काकाजींच्याच गल्लीतल्या, शेजारी त्यांची मुलगी. मुलीनं साडी नेसली होती, केस नीट विंचरले होते, हातात फाइल. “भाऊ, पोट्टीची मुलाखत हाये दुपारी, कॉम्प्युटरवर,” त्या म्हणाल्या. “नर्सच्या नोकरीची. येईन ना तोपर्यंत? नाही तं मी तिले भंडाऱ्याले भावाच्या घरी नेतो. पण आत्ता नाही निघाली तं एसटी चुकते.”

काकाजींचा आवाज तिसऱ्यांदा आला, आता इतका मोठा की पहिल्या रांगेलाच काय, रस्त्यावर ऐकू जावा: “दहा मिनिटांत येईल.”

“एसटी पकडा,” मी म्हणालो. “आज संध्याकाळच्या आधी काही येत नाही.”

आता थांबायचं तर इथंच, हे मला कळत होतं, पण तोंड उघडलं होतं. “हायवेच्या लोकांनी काही तोडलेलं नाही. चूक आमची आहे. केबल खाली लोंबत होती. काकाजींनी किती वेळा सांगितलं, आम्ही वर घेतली नाही. ज्याला निकड आहे त्यानं दुसरीकडं सोय बघा. मी खोटं सांगून थांबवून ठेवणार नाही.”

बाई मुलीचा हात धरून निघाल्याच. बाकीचे थोडे कुरकुरले, एक-दोघं चिडले, पण दहा मिनिटं म्हणून सांगितल्यावर चिडतात तेवढे नाही. एक जण जाता जाता म्हणाला, “मंग आज वावरात जाऊन येतो. रिकामाच बसलो असतो ना घरी.” दार मोकळं झालं. काकाजी माझ्याकडं बघत होते. नट पुस्तक सोडून बोलायला लागला की प्रॉम्प्टर कसा बघत असेल, ते मी त्या दिवशी पाहिलं.

व्हिडिओ दुपारपर्यंत लाखनीभर फिरला आणि संध्याकाळी मालक लग्नाच्याच कपड्यांत ऑफिसात आले. कंपनीतून त्यांना फोन येऊन गेला होता. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली. “तुले काय सांगतलं होतं मी?” एवढंच विचारलं. मी खोलीच्या दाराकडं पाहिलं. बॅग तशी भरलेलीच होती.

काकाजी तेव्हा परत आले. टीव्हीची खबर न देता सरळ टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

“ते माहं वाक्य होतं,” ते म्हणाले.

“काकाजी, तुम्ही मदे नका पडू,” मालक म्हणाले.

“पडलोच हावो मी. हे पोरगं माह्या बगर बोलते का कधी? साऱ्या लाखनीले ठाऊक हाये. मी जे दिलं ते त्यानं म्हणलं. चुकीचं वाक्य गेलं तं नटाले कोणी काढते का? प्रॉम्प्टरले काढा.”

“भाऊ, नाही,” मी म्हणालो. “काकाजींनी दुसरंच सांगितलं होतं. ते माझं मीच बोललो.”

काकाजींनी माझ्याकडं न बघता मालकांना सांगितलं, “पाहा. हे बी मीच पढवलं. बाहीर, दोन मिन्टं आधी.”

मालक एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. मग खुर्चीत बसले. “आता तुम्हाले कसं काढू काकाजी? तुम्ही नोकर आहा का?”

“नाही.”

“अन् याले काढाचं म्हणलं तं तुम्ही काढू देत नाही.”

“नाही.”

“मंग मी काय करू?”

हा प्रश्न मालकांनी वैतागून विचारला होता, पण त्याच्यापुढं ते थांबले, आणि काकाजींसमोर कुणी थांबलं की काय होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. “उद्या सकाळी केबल वर घेतो,” काकाजी म्हणाले, सरळ, हळू, चढउतार नाही.

मालक खुर्चीत मागं रेलले. मग पंख्याकडं बघत म्हणाले, “उद्या सकाळी केबल वर घे. तू स्वतः चढ. अन् कंपनीचा फोन आला तं मी बोलतो, तू उचलू नको.” जाताना दारात थांबून मला म्हणाले, “मुलाखत झाली म्हणते त्या पोट्टीची.”

मी काकाजींना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. हायवेवर ट्रक चालले होते. आभार कसे मानायचे ते माझ्या तोंडी येईना. “काकाजी, तुम्ही…” म्हणालो आणि अडलो. ते पुढचं वाक्य देतील म्हणून थांबलो. त्यांनी दिलं नाही. दुपट्टा नीट केला आणि म्हणाले, “माह्या पुस्तकात ते वाक्य नोतं गा. मी दुसरंच देऊन राहिलो होतो.”

“मग तुम्ही मालकांना…”

“त्याले कायले सांगू?” असं म्हणून ते रस्ता ओलांडून गेले.

यानंतरही काकाजी पुढची कित्येक वर्षं ऑफिसात येत राहिले. आता ते मुलीकडं सिहोऱ्याला असतात. तिथं दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन आहे, तरी तक्रार मलाच फोनवर करतात आणि मी ऐकून घेतो. पण लाखनीत होते तोवर बाकावरची त्यांची जागा सुटली नाही. समोर गिऱ्हाईक ओरडायचं, मी अडायचो, माझे कान बाकाकडं लागायचे, आणि काकाजी पिशवीतली वांगी निवडत बसायचे. मला त्यांनी पुन्हा एक शब्द दिला नाही. मी बोलेपर्यंत ते थांबायचे.